झूम सगळेच मोठे करतो

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात, हिवाळा सरत आला की पहाटेच होड्या निघतात. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा असतो. नावाडी दीडशे मीटर अलीकडेच होडी थांबवतो, कारण त्याहून जवळ गेले तर थवा उडतो. होडीतल्या पाच-सहा जणांत एकाच्या तरी गळ्यात लांब नाकाचा कॅमेरा असतो. बहुधा निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला किंवा परदेशातल्या मुलाने पाठवलेला. बटण दाबले की भिंगाची नळी सरसर पुढे येते. पडद्यावर आधी थवा दिसतो, मग दोन-तीन पक्षी, मग चौकटभर एकच पक्षी. आणि नेमका त्याच क्षणी तो पक्षी पडद्यावर नाचू लागतो. क्षणात डावीकडून निसटतो, तर क्षणात वरून. घरी येऊन संगणकावर पाहावे, तर शंभरातले बहुतेक फोटो हललेले आणि धुरकट.

यावर घरोघरी दोन निदाने ऐकू येतात. एक, ‘कॅमेराच चांगला नाही.’ दुसरे, ‘आता वय झाले, हात थरथरतो.’ बहुतेक वेळा ही दोन्ही निदाने चुकीची असतात. कॅमेरा ठीक असतो आणि हातही ठीक असतो. झूम फक्त पक्षी मोठा करत नाही, तो सगळेच मोठे करतो. हाताचा नैसर्गिक कंप, हवेतली धूळ, मावळतीला कमी झालेल्या उजेडाची उणीव, सगळे त्याच प्रमाणात वाढते. आणि कॅमेरा चुकून सूर्याकडे वळला तर धोकाही वाढतो. हे एकदा समजले की कॅमेऱ्याकडून किती अपेक्षा ठेवायची, तो कसा धरायचा आणि कुठे अजिबात रोखायचा नाही, याची उत्तरे सोपी होतात.

‘१२५ पट’ म्हणजे किती?

लांब झूमच्या कॅमेऱ्यांत सामान्य हौशी माणसापर्यंत सर्वाधिक पोहोचलेले उदाहरण म्हणजे निकॉन कंपनीची ‘कूलपिक्स पी’ मालिका. २०१५ मध्ये आलेल्या पी ९०० या कॅमेऱ्याचा झूम ८३ पट होता. २०१८ मध्ये आलेल्या पी १००० चा झूम १२५ पट झाला. या कॅमेऱ्यांची भिंगे बदलता येत नाहीत. एकाच भिंगात संपूर्ण डोंगररांगेपासून चंद्रावरच्या विवरांपर्यंत सगळे टिपता येते, हेच त्यांचे आकर्षण.

खोक्यावरच्या ‘१२५ पट’ या आकड्याने मात्र अनेकांची गल्लत होते. वस्तू डोळ्यांना दिसते त्याच्या १२५ पट मोठी दिसेल, असा त्याचा अर्थ नाही. भिंगाची सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड नाभीय अंतरे यांचे ते गुणोत्तर आहे. पी १००० मध्ये ही अंतरे, कॅमेऱ्यांच्या जगात रूढ असलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या परिमाणात, २४ आणि ३००० मिलिमीटर आहेत. तीन हजार भागिले चोवीस म्हणजे १२५. पण २४ मिलिमीटरला दृश्य डोळ्यांना वाटते त्यापेक्षा लहान आणि पसरलेले दिसते. साध्या डोळ्यांना वाटते तसे दृश्य साधारण ५० मिलिमीटरच्या भिंगातून मिळते. त्या हिशेबाने हा कॅमेरा दूरची वस्तू सुमारे ६० पट जवळ आणतो. हेही थोडेथोडके नाही. पक्षिनिरीक्षणाची नेहमीची दुर्बीण आठ किंवा दहा पट जवळ आणते.

दुसरी गल्लत ‘ऑप्टिकल’ आणि ‘डिजिटल’ झूममधली. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे खरोखर पुढे-मागे सरकतात आणि दूरच्या वस्तूचा अधिक तपशील सेन्सरवर उतरतो. डिजिटल झूम म्हणजे आधीच उतरलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. एक्स-रेवर भिंग धरले म्हणून त्यात नसलेली भेग दिसू लागत नाही, तसेच हे. फोनच्या पडद्यावर दोन बोटांनी चित्र ताणल्यावर त्याचा मेणासारखा गुळगुळीत लगदा होतो, त्याचे कारण हेच. कॅमेरा घेताना विचारायचा आकडा म्हणून एकच, ऑप्टिकल झूम किती. डिजिटल झूम सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवलेलाच बरा.

लांबीचे मोल उजेडात

तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. मग हा कॅमेरा गळ्यात अडकवता येण्याइतका लहान कसा? याचे गुपित सेन्सरमध्ये आहे. पी १००० च्या भिंगाचे प्रत्यक्ष नाभीय अंतर जास्तीत जास्त ५३९ मिलिमीटर असते. मात्र त्याचा सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या मोठ्या कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. लहान सेन्सर दृश्याचा अगदी छोटा भाग पाहतो, म्हणून तेच भिंग साडेपाच पट लांब असल्यासारखे काम करते.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. झूम पूर्ण आखूड असताना या भिंगाचा एफ-क्रमांक २.८ असतो, पूर्ण लांब केल्यावर तो ८ होतो. एफ-क्रमांक वाढला की सेन्सरवर पडणारा उजेड त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे पूर्ण झूमवर सेन्सरला आठपट कमी उजेड मिळतो. दुपारी हे जाणवत नाही. संध्याकाळी झाडीत बसलेल्या घुबडावर झूम लावला की जाणवते. कॅमेरा मग संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रात वाळू पसरल्यासारखे रंगीत ठिपके दिसू लागतात.

मानवी डोळाही याच अडचणीतून जातो. अंधार पडू लागला की बाहुली रुंदावते. तेवढ्याने भागले नाही की रंग आणि बारकावे पाहणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी पुढे येतात. डोळ्यात शंकुपेशी सुमारे ६० लाख, तर दंडपेशी सुमारे १२ कोटी असतात. दंडपेशी अंधुक उजेड टिपतात, पण रंग ओळखत नाहीत आणि बारीक अक्षर वाचू देत नाहीत. म्हणून तिन्हीसांजेला लाल फूल काळपट दिसते. कमी उजेडात तपशील सोडावा लागतो, हा नियम डोळ्यालाही चुकत नाही, तर नखाएवढ्या सेन्सरला कसा चुकेल? ज्यांना प्रामुख्याने पहाटे किंवा सायंकाळी फोटो काढायचे आहेत, त्यांच्यासाठी मोठा सेन्सर आणि आखूड झूम असलेला कॅमेरा अधिक योग्य. उदाहरणार्थ, सोनीच्या आरएक्स १० मार्क ४ चा झूम फक्त २५ पट आहे, पण सेन्सर एक इंच वर्गातला, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे चौपट आहे आणि पूर्ण झूमवरही त्याचा एफ-क्रमांक ४ राहतो. झूमचा मोठा आकडा म्हणजे चांगला कॅमेरा, असे समीकरण नाही.

हाताचा कंप आणि कॅमेऱ्याचा ‘कान’

आता त्या नाचणाऱ्या पक्ष्याकडे. पूर्णपणे निरोगी, तरुण माणसाचा हातही कधीच स्थिर नसतो. स्नायूंतले तंतू आळीपाळीने आकुंचन पावतात, हृदयाचा प्रत्येक ठोका हातापर्यंत हलका धक्का पोहोचवतो. यातून सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होणारा सूक्ष्म कंप निर्माण होतो. वैद्यकशास्त्रात त्याला शरीरधर्मी कंप म्हणतात. तो आजार नव्हे. एरवी तो दिसतही नाही.

झूम लावला की दिसतो. पूर्ण झूमवर कॅमेऱ्याच्या चौकटीची उंची जेमतेम अर्धा अंश असते. म्हणजे साधारण पूर्ण चंद्राएवढी. त्यात हात एक दशांश अंशाने कलला, तर चित्र चौकटीच्या एक पंचमांश सरकते. तोच हात, तेवढाच कलला आणि झूम आखूड असेल, तर चित्र चौकटीच्या पाचशेव्या भागाइतकेही हलत नाही. हात तोच आहे, फक्त त्याच्याकडे भिंगातून पाहिले जात आहे.

छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा की नाभीय अंतर जेवढे मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्याव्या भागात शटर मिटले पाहिजे. तीन हजार मिलिमीटरला सेकंदाचा तीन हजारावा भाग. एवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड क्वचितच मिळतो. यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यात कंपनिरोधक यंत्रणा असते. त्यातले जायरो सेन्सर कॅमेरा कोणत्या दिशेला किती वेगाने कलतो ते मोजतात आणि भिंगातला एक भाग तेवढाच उलट दिशेला सरकवला जातो. या यंत्रणेची क्षमता ‘पाच स्टॉप’ सांगितली जाते. म्हणजे आदर्श परिस्थितीत शटर ३२ पट जास्त वेळ उघडे ठेवता येते.

अशीच यंत्रणा प्रत्येकाच्या डोक्यात जन्मापासून असते. दोन्ही अंतर्कर्णांत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की त्यांतला द्रव मागे राहतो, तो फरक चेतातंतू टिपतात आणि डोळ्यांचे स्नायू बुबुळांना तेवढेच उलट दिशेला फिरवतात. याला लागणारा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एक सोपा प्रयोग करून पाहावा. वर्तमानपत्र समोर स्थिर धरून मान ‘नाही’ म्हणताना हलवतो तशी भराभर हलवावी, अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून वर्तमानपत्र त्याच वेगाने हलवावे, अक्षरे पुसट होतात. पहिल्या वेळी कानातल्या नलिकांनी डोळ्यांना हालचालीची वर्दी दिली, दुसऱ्या वेळी त्यांना काही कळलेच नाही. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. त्याची यंत्रणा स्वतःचे हलणे सावरते. समोरचा पक्षी हलला तर तिचा उपयोग नाही, तिथे शटरचा वेगच वाढवावा लागतो.

कंप कमी करण्याचे उपाय शरीराचेच आहेत. दोन्ही कोपरे फासळ्यांना टेकवावीत. डावा हात भिंगाखाली आधाराला द्यावा. पाय थोडे अंतरावर ठेवावेत, झाड किंवा भिंत असेल तर पाठ टेकावी. श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे आणि बटण दाबावे, नेमबाज करतात तसे. बटण खसकन न दाबता हळू दाबावे. जमिनीवरून फोटो काढताना ट्रायपॉड वापरावा आणि मग कंपनिरोधक यंत्रणा बंद करावी, कारण स्थिर तिकाटण्यावर ती नसलेला कंप शोधत बसते. होडीत ट्रायपॉडचा फारसा उपयोग नाही, तिथे झूमच थोडा कमी करणे शहाणपणाचे.

रिकामे पोट, अपुरी झोप, लागोपाठ घेतलेला कडक चहा किंवा कॉफी, भीती आणि थंडी यांनी हा कंप वाढतो. दम्यासाठी घेतलेल्या साल्ब्युटामॉलच्या पंपानंतर काही काळ हात थरथरू शकतात. फोटोसाठी पंप टाळण्याचा विचारही करू नये. थायरॉइडचे प्रमाण वाढले असेल तरी हात कापतात. त्यासोबत वजन घटणे, धडधड होणे, घाम येणे अशी लक्षणे असतात. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या कंपाने घाबरण्याचे कारण नाही. पण कॅमेरा खाली ठेवल्यावरही कंप नजरेला दिसत असेल, कपातला चहा बशीत सांडत असेल, एकच हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना कापत असेल किंवा अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चालले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

चाळिशी, पडदा आणि एक डोळा

चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचे चित्र स्पष्ट दिसत नाही. दोष पडद्याचा नसतो. वयानुसार डोळ्यातले भिंग कडक होते, जवळ पाहण्यासाठी त्याला जी गोलाई घ्यावी लागते ती घेता येत नाही. यालाच आपण चाळिशी लागणे म्हणतो. अशा वेळी पडद्याऐवजी व्ह्यूफाइंडरला डोळा लावणे सोयीचे. त्याच्या बाजूला एक लहानशी चाकी किंवा कळ असते, तिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ती डायऑप्टर जुळवण्याची. आतली अक्षरे ठळक दिसेपर्यंत ती फिरवली की अनेकांना चष्मा काढूनही काम करता येते. मात्र चष्म्याला तिरका नंबर जास्त असेल तर तो या चाकीने भरून निघत नाही, चष्मा ठेवूनच पाहावे लागते. कॅमेरा डोळ्याला लावल्याने आणखी एक फायदा होतो, कपाळाचा आधार मिळून कंप कमी होतो.

व्ह्यूफाइंडर एका डोळ्याने पाहायचा असतो. त्यामुळे काही माणसांना आयुष्यात प्रथमच कळते की आपला उजवा डोळा डाव्यासारखा पाहत नाही. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकतो आणि दृष्टी घटत असल्याचे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. एका डोळ्याने पाहताना विजेची सरळ तार किंवा खांब मध्येच वाकडा, लाटेसारखा दिसला, चित्राच्या मध्यभागी डाग दिसला किंवा चाकी कितीही फिरवली तरी चित्र धुक्यातच राहिले, तर आधी भिंग पुसावे. फरक पडला नाही, तर कॅमेरा बाजूला ठेवून तोच डोळा एकट्याने उघडा ठेवावा आणि दाराची चौकट पाहावी. चौकटही वाकडी दिसली तर कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. सरळ रेषा वाकडी दिसणे हे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, म्हणजे पीतबिंदूच्या विकाराचे लक्षण असते. मधुमेह असलेल्यांनी तर ते अजिबात अंगावर काढू नये. अशा विकारांत लवकर उपचार झाले तर दृष्टी वाचवता येते, उशीर झाला तर गेलेली परत मिळेलच असे नाही.

हवाही मोठी दिसते

उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावर दूरवर पाणी लहरताना दिसते. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, वरची थंड हवा दाट राहते आणि या थरांतून येणारा प्रकाश क्षणोक्षणी वाकतो. आकाशातले तारे लुकलुकतात तेही वातावरणातल्या अशाच उलथापालथीमुळे. साध्या डोळ्यांना शंभर-दोनशे मीटरवर ही थरथर जाणवत नाही. पूर्ण झूमवर मात्र पक्ष्याची पिसे पाण्यात बुडवल्यासारखी दिसतात. ट्रायपॉड लावा, महागडे भिंग आणा, हा दोष जात नाही, कारण तो कॅमेऱ्याच्या बाहेर आहे. त्यावर उपाय दोनच. सूर्य वर येण्याआधीची थंड वेळ निवडणे आणि विषयाच्या थोडे जवळ असणे. पाऊस पडून गेल्यावर धूळ बसते, तेव्हाचे फोटो अधिक लख्ख येतात.

रात्री गच्चीवरून मात्र हाच कॅमेरा कमाल दाखवतो. चंद्रावरची विवरे, शनीची कडी आणि गुरूचे चार मोठे उपग्रह त्यात टिपता येतात. हेच चार उपग्रह गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये वीसेक पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिले होते. गुडघेदुखीमुळे गड चढणे सुटलेल्या माणसाला घराच्या गच्चीत बसून शनीची कडी पाहता येणे, ही या यंत्राची मोठी देणगी आहे. चंद्र कितीही वेळ पाहिला तरी डोळ्याला इजा होत नाही. सूर्याचे मात्र तसे नाही.

सूर्याकडे रोखताना

लहानपणी भिंगाने कागद जाळण्याचा खेळ बहुतेकांनी केलेला असतो. लांब झूमचा कॅमेरा हे त्याहून कितीतरी चांगले भिंग आहे. कडक उन्हात डोळ्याची बाहुली आकसून दोन मिलिमीटरच्या आसपास होते. पी १००० पूर्ण झूमवर ज्या छिद्रातून उजेड घेतो ते सुमारे ६७ मिलिमीटर व्यासाचे असते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर बाहुलीच्या हजारपटीहून अधिक.

हा उजेड जातो कुठे, यावर धोका अवलंबून आहे. या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर म्हणजे आत बसवलेला छोटा पडदाच असतो. त्यामुळे सूर्याचा प्रकाश थेट डोळ्यात येत नाही, पण सेन्सर आणि आतले भाग जळू शकतात. आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात आणि दुर्बिणीत मात्र भिंगाने गोळा केलेला खरा सूर्यप्रकाश डोळ्यात उतरतो. तिथे क्षणभराची चूकही महाग पडते. पडद्याच्या कॅमेऱ्यातही एक चूक हमखास होते. पूर्ण झूमवर सूर्य चौकटीत सापडत नाही, म्हणून माणूस कॅमेऱ्यावरून साध्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहत नेम धरतो. सेन्सर वाचतो, डोळा जातो.

अशा इजेत दृष्टिपटलाचा मध्यभाग भाजतो. उष्णतेपेक्षा प्रकाशाने घडवलेली रासायनिक क्रिया त्याला अधिक कारणीभूत असते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना काहीच दुखत नाही. काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, समोरच्या माणसाचा चेहरा मध्येच पुसट दिसतो, वाचताना अक्षर गळते, रंग फिके वाटतात. काहींची दृष्टी तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच अंशी सुधारते, काहींच्या नजरेत मधला डाग कायम राहतो. यावर हमखास असा कोणताही उपचार नाही. लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग अधिक पारदर्शक असते, म्हणून त्यांना धोका अधिक.

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाची खग्रास अवस्था इजिप्तसारख्या देशांतून दिसेल. महाराष्ट्रासह पश्चिम भारतात ते दुपारनंतर खंडग्रास असेल. दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे विरळ ढगांआड सौम्य भासणाऱ्या सूर्याकडे पाहण्याचा मोह होईल. ढगाने उजेड कमी झाला तरी इजा करण्याइतका तो उरतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. साध्या डोळ्यांसाठी ‘आयएसओ १२३१२-२’ मानकाचे ग्रहणचष्मे वापरावेत. मात्र तो चष्मा घालून दुर्बिणीतून किंवा डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहू नये, कारण भिंगाने एकवटलेला प्रकाश चष्म्याच्या पातळ पडद्याला भोक पाडू शकतो. कॅमेऱ्यासाठी सूर्याचे खास फिल्टर मिळतात, ते भिंगाच्या पुढच्या तोंडावरच घट्ट बसवायचे असतात. नेम धरण्यासाठी सूर्याकडे पाहायची गरज नाही. फिल्टर लावून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा आणि जमिनीवर पडलेली त्याची सावली पाहावी. नळीची सावली आखूड होत होत सर्वांत लहान झाली की कॅमेरा सूर्याकडे वळलेला असतो. हे सगळे नको असेल तर घरातली चाळणी उन्हात धरावी. तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर ग्रहणाची एकेक कोर उमटते. सूर्याकडे पाठ करून सगळ्या घराला ती एकत्र पाहता येते. चाळणीतून वर मात्र पाहायचे नाही.

मान, खांदा आणि पक्षी

पी १००० चे वजन सुमारे १,४१५ ग्रॅम आहे. गळ्यात पट्टा अडकवून तीन-चार तास फिरले की हा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी पट्टा गळ्यात न घालता एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरका घ्यावा आणि मधूनमधून खांदा बदलावा. उंच झाडावरच्या पक्ष्यासाठी मान मागे टाकून बराच वेळ उभे राहू नये, वयस्कांना त्यात चक्कर येऊ शकते. या कॅमेऱ्यांचा मागचा पडदा वळवता येतो. तो वळवला तर मान खाली ठेवूनही वरचा पक्षी दिसतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चालू तर मुळीच नये. डोळ्यासमोर शंभर मीटरवरचा पक्षी असतो आणि पायाखाली दगड. गडाच्या कड्यावर किंवा ओल्या बांधावर पुढचे पाऊल टाकण्याआधी कॅमेरा खाली घ्यावा.

भिगवणच्या त्या होडीत परतल्यावर करायच्या गोष्टी फार नाहीत. डिजिटल झूम बंद. झूम निम्म्यावर. कोपरे फासळ्यांना टेकलेली. होडी डुलायची थांबेपर्यंत वाट पाहायची, अर्धा श्वास सोडायचा आणि बटण हळू दाबायचे. नावाड्याला ‘अजून थोडे जवळ घे’ म्हणायची गरज नाही. थवा चोच पाण्यात घालून खात राहिला, याचा अर्थ अंतर योग्य आहे. माना वर करून सगळे एकाच दिशेला चालू लागले तर होडी मागे घ्यायची. दीडशे मीटरवरूनही एक पक्षी चौकटभर येतो, त्यासाठीच तर हा लांब नाकाचा कॅमेरा घेतलेला असतो. आणि पूर्वेला सूर्य वर आला की पाठ त्याच्याकडे ठेवायची. उजेड पक्ष्यावर पडतो आणि डोळाही सुरक्षित राहतो.